उरलेली कातडी

वजन उतरलं की कातडी हळूहळू आपोआप आवळते, असं मला बहुतेक सगळ्यांनी सांगितलं होतं. तिळाचं तेल जिरव, कोरफड लाव, प्लँक कर, वर्षभर थांब. मी 118 किलोंवरून 67 वर आले, तेल जिरवलं, व्यायाम केला, थांबलेही. पोटाची कातडी मांडीवर लोंबत होती ती तशीच लोंबत राहिली. 2025 च्या मार्चमध्ये माउंजारो आणि जूनमध्ये वेगोवी ही वजन उतरवणारी इंजेक्शनं भारतात आली. आमच्या कराडातसुद्धा इंजेक्शन घेऊन बारीक झालेली माणसं दिसायला लागली आहेत. वजन उतरल्यावर अंगावर काय उरतं, याबद्दल त्यांच्याशी फारसं कुणी बोलत नाही, म्हणून आज बैठक मारून सगळं लिहायला घेतलंय. माझं वजन इंजेक्शनने उतरलं नाही, ऑपरेशनने उतरलं, पण कातडीच्या बाबतीत दोन्ही वाटा एकाच ठिकाणी येतात.

मी माध्यमिक शाळेत गणित शिकवते. वय 43, उंची पाच फूट दोन इंच. 2021 च्या दिवाळीच्या सुट्टीत पुण्यात माझी स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी झाली. त्यात जठराचा तीन-चतुर्थांश किंवा त्याहून थोडा जास्त भाग काढून टाकतात आणि उरलेल्या भागाची अरुंद नळी राहते. तेव्हा माझा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन मोजायचा आकडा, 48 च्या घरात होता, शुगरच्या गोळ्या चालू होत्या आणि झोपेत श्वास अडकायचा म्हणून रात्री नाकाला मशीन लावून झोपावं लागायचं. दीड वर्षात गोळ्या बंद झाल्या, मशीन माळ्यावर गेलं, शाळेचा जिना न थांबता चढता यायला लागला. त्या ऑपरेशनबद्दल माझ्या मनात आजही कृतज्ञताच आहे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून कुणी वजन कमी करायचा बेत रद्द करू नये.

पण अंघोळीच्या वेळी स्वतःकडे पाहणं मी बंद केलं होतं. दंडांखाली कातडी लोंबायची, मांड्यांच्या आतल्या बाजूला घड्या पडलेल्या, छाती रिकामी झालेली. आणि पोटाची कातडी तर खाली उतरून जांघा झाकायची. बसले की ती मांडीवर यायची, कुशीवर वळले की माझ्या मागून सावकाश वळायची.

कारण साधं आहे. कातडीला ताणून परत जागेवर आणण्याचं काम इलास्टिन आणि कोलाजनचे धागे करतात. वर्षानुवर्षं ताण सोसून ते तुटतात, विरळ होतात, आणि इलास्टिन तर मोठ्या वयात पुन्हा तसं तयार होत नाही. व्यायामाने स्नायू भरतात, कातडीची लांबी कमी होत नाही. वय काय, वजन किती वर्षं अंगावर होतं, उतरलं किती, बाळंतपणं किती झाली, तंबाखू आहे का, यावर बरंच ठरतं. पंचविशीतल्या मुलीचे पंधरा किलो उतरले तर तिची कातडी पुष्कळ सावरते. माझे 51 किलो उतरले होते, तेही वीस वर्षं वागवलेले, त्यात दोन सिझेरियन. माझी कातडी सावरणार नव्हती आणि तेल जिरवायला सांगणाऱ्यांचा त्यात काही दोष नाही, त्यांना माहीतच नव्हतं.

आता त्या घडीबद्दल, कारण यावर बायका बोलतच नाहीत. पावसाळ्यात शेतात काम करणाऱ्यांच्या पायांच्या बोटांत चिखल्या होतात ना, तसं माझ्या पोटाखाली बारा महिने असायचं. घाम आत साचायचा, कातडीवर कातडी घासायची, लाल व्हायचं, मग चिरा पडायच्या, त्यातून पाणी यायचं. वर परकराची नाडी. साडीचा सगळा भार ज्या नाडीवर असतो ती नेमकी त्या घडीत रुतायची. पाच तास उभं राहून शिकवायचं आणि सहाव्या तासाला मुलींच्या स्वच्छतागृहात जाऊन आतला फडका बदलायचा. जुन्या सुती साड्या फाडून मी त्याचे फडके केले होते, रोजचे चार लागायचे. वास येईल या भीतीने स्टाफरूममध्ये खिडकीजवळची खुर्ची धरून बसायचे. कराडच्या त्वचारोग डॉक्टरांनी बुरशीचं मलम दिलं, गोळ्या दिल्या, त्याने आठ-पंधरा दिवस बरं वाटायचं. घडी होती तिथेच असल्यामुळे ते परत यायचं. श्रावण-भाद्रपदात तर फारच.

बाहेरच्या जगाला यातलं काहीच दिसत नव्हतं. त्यांना बारीक झालेली मी दिसत होते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एकजण म्हणाली, "केवढी बारीक झालीस गं, काय खातेस सांग की!" आणि तिथेच दुसरीने माझा दंड दोन बोटांत धरून हलवला, "पण गळालीस हं फार." मी हसले आणि पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला. त्यानंतर मी दोन उन्हाळे पदर तसाच घेत होते.

डोक्यातलं आणखी वेगळं. शरीर 67 किलोंचं झालं होतं, मन 118 वरच होतं. एसटीत दोघांच्या सीटवर मी कडेला अर्धीच बसायचे, शेजारी जागा मोकळी असली तरी. कपड्यांच्या दुकानात हात आधी ट्रिपल एक्सएलच्या गठ्ठ्याकडे जायचा. शाळेच्या ग्रुप फोटोत मागच्या रांगेत जाऊन उभी राहायचे. आणि जेव्हा कधी मन नव्या वजनाला सरावायला लागायचं, तेव्हा साडी सोडताना ती कातडी खाली पडायची आणि सगळं पुन्हा पुसलं जायचं. बारीक झाल्याचा आनंद मी फक्त कपड्यांत घेत होते. दिवा बंद केल्याशिवाय मी झोपायच्या खोलीत साडी बदलली नाही, नवऱ्यासमोरसुद्धा.

ही कातडी काढून घेण्याच्या ऑपरेशनचा विषय मी घरी काढला तेव्हा पहिली बोलल्या त्या माझ्या सासूबाई. त्यांना आम्ही आई म्हणतो. "अगं, लेकरं झाली, संसार झाला, आता कुणाला दावायचंय पोट?" त्या रागावल्या नव्हत्या. त्यांच्या हिशेबात ते खरंच अनाकलनीय होतं. नवऱ्याचं म्हणणं निराळं होतं. "चांगली झाली आहेस की. परत कशाला चिरफाड? भूल म्हणजे काय खेळ आहे का?" त्यांना पैशाची चिंता नव्हती असं नाही, पण मोठी चिंता माझ्या जिवाची होती. एकदा मला ऑपरेशन थिएटरमध्ये पाठवून बाहेर बसण्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता.

मी त्या दिवशी फार वाद घातला नाही. आईंना आत नेलं, दार लावलं आणि घडी उचलून दाखवली. त्या बघत राहिल्या. मग त्यांनी स्वतःच्या छातीखाली बोट नेलं आणि म्हणाल्या, "माझ्याबी हितं असंच असतंय. उन्हाळ्यात लई. तुझी ती मलमाची ट्यूब जरा मला दे." बहात्तर वर्षांची बाई, इतकी वर्षं एका घरात आम्ही दोघी, एकाच दोरीवर दोघींच्या साड्या वाळत घालतो, आणि दोघींना एकमेकींच्या खाजेचा पत्ता नव्हता. त्यांच्या त्रासावर आता उपचार झाला आहे. माझ्या ऑपरेशनला त्यांनी पुन्हा कधी हरकत घेतली नाही.

प्लास्टिक सर्जन शोधताना मी एकच गोष्ट काटेकोरपणे पाहिली: नावापुढे प्लास्टिक सर्जरीतली एम.सीएच. किंवा डीएनबी ही पदवी आहे का. कॉस्मेटिक क्लिनिकच्या पाट्या आता तालुक्याच्या गावापर्यंत आल्या आहेत आणि त्यातले सगळेच प्लास्टिक सर्जन नसतात. मी गेले त्या पुण्याच्या डॉक्टर पन्नाशीच्या, शांत, फार न बोलणाऱ्या. त्यांनी मला उभं करून सगळं अंग तपासलं आणि एका तक्त्यावर आकडे लिहिले. अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या डॉक्टरांनी 2005 मध्ये एक मोजपट्टी बसवली आहे: शरीराचे दहा भाग, प्रत्येकाला शून्य ते तीन. शून्य म्हणजे नेहमीचं, तीन म्हणजे सर्वांत बिघडलेलं. माझं पोट तीन, दंड दोन, मांड्या दोन, छाती दोन. गणिताच्या बाईला ते आवडलं हे खरं सांगते. इतके दिवस जे मला एकच मोठं लाजिरवाणं ओझं वाटत होतं, त्याचे त्यांनी भाग पाडले आणि प्रत्येकाला एक अंक दिला.

मग त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. लायपोसक्शनने चरबी निघते, कातडी नाही, त्यामुळे एकट्या त्याचा मला उपयोग नव्हता. फक्त लोंबणारा पडदा कापून टाकायचा तर ती पॅनिक्युलेक्टॉमी. त्यासोबत पोटाचे मधून फाकलेले स्नायू शिवून घ्यायचे आणि बेंबी नव्या जागी बसवायची तर ती अ‍ॅब्डोमिनोप्लास्टी, लोक टमी टक म्हणतात ती. कंबर आणि मागची बाजूही लोंबत असेल तर सगळीकडून गोल फिरणारा छेद घेतात. मला पडदा कापणं आणि स्नायू-बेंबीचं काम, या दोन्हींची गरज होती. गोल छेद नको, असं त्यांनीच सांगितलं, कारण मागची कातडी बरी होती आणि जखम जेवढी लांब तेवढा धोका जास्त.

"वजन किती महिने स्थिर आहे?" हा त्यांचा पहिला प्रश्न होता. निदान सहा महिने ते हलायला नको, आणि जठराच्या ऑपरेशननंतर साधारण वर्ष-दीड वर्ष तरी जाऊ द्यावं. दुसरा प्रश्न, "मशेरी लावता का?" मी नाही म्हणाले तर त्यांनी पुन्हा विचारलं, "तंबाखूचा कुठलाही प्रकार?" आमच्या भागात किती बायका सकाळी मशेरी लावतात हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. बायका तिला तंबाखूत धरतच नाहीत, दातांना लावायची वस्तू म्हणतात. पण निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात, आणि या ऑपरेशनमध्ये कातडीचा मोठा पापुद्रा मोकळा करून खाली ओढलेला असतो. त्याच्या कडेला रक्त पोचलं नाही तर ती कड काळी पडून सडते. आदल्या महिन्यापासून मशेरी पूर्ण बंद झाल्याशिवाय त्या हात लावत नाहीत. माझी जाऊ रोज दोनदा मशेरी लावते. तिला हे मी घरी येऊन शब्दशः सांगितलं.

मे 2023 ची तारीख धरली होती, ती गेली. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन 9, लोह तळाला, बी-12 कमी. जठर लहान केलेल्यांच्यात हे सर्रास होतं, आणि पाळी चालू असलेल्या बाईत तर जास्तच. लोह शिरेतून द्यावं लागलं. प्रथिनं रोज निदान साठ-सत्तर ग्रॅम पोटात गेली पाहिजेत असं ठरलं, कारण जखम भरायला शरीराला प्रथिनंच लागतात. माझ्या छोट्या जठरात एका वेळी मावतं ते किती! मोड आलेली मटकी, अंड्याचा पांढरा भाग, पनीर, ताकात ढवळलेली व्हे पावडर, असं दिवसभर थोडं थोडं. वर्ष गेलं त्यात. त्या वर्षाचा मला तेव्हा फार त्रास झाला.

त्याच वर्षात विम्याचं प्रकरण झालं. यावर मी सविस्तर लिहिणार आहे, कारण इथे मला सगळ्यात जास्त राग येतो. विमा नियामकाने 2019 मध्ये आरोग्य विम्यातल्या वगळण्यांची भाषा सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी केली. त्यात सहाव्या क्रमांकाला लठ्ठपणा आहे: बीएमआय 40 किंवा त्याहून जास्त असेल, किंवा 35 वा त्याहून जास्त असून सोबत हृदयविकार, झोपेतला गंभीर श्वासरोध, आटोक्यात न येणारा मधुमेह असं काही असेल, आणि डॉक्टरांचा सल्ला वगैरे बाकीच्या अटी बसत असतील, तर ऑपरेशन मिळतं. माझी स्लीव्ह त्यात बसली होती. आठव्या क्रमांकाला कॉस्मेटिक आणि प्लास्टिक सर्जरी आहे. रूप बदलण्यासाठीचे उपचार वगळलेले, अपवाद अपघात, भाजणं, कर्करोग यांनंतरची पुनर्रचना, किंवा तब्येतीला असलेला थेट आणि तातडीचा धोका दूर करण्यासाठी वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक असलेला उपचार, तसं डॉक्टरांनी प्रमाणित केलेला. माझ्या कंपनीने पहिल्या अर्जावर एका ओळीत उत्तर पाठवलं: कॉस्मेटिक, नामंजूर.

एकाच रोगाच्या उपचाराचा पहिला भाग आजार आणि दुसरा भाग सौंदर्यप्रसाधन, हे मला कसं पटावं? पोटावरून लोंबणारी कातडी काढण्याचं ऑपरेशन काही आजच्या जमान्यातलं नाही. अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या हॉवर्ड केली या स्त्रीरोगतज्ज्ञांनी 1899 मध्ये ते केल्याची नोंद आहे, टमी टक हा शब्द लोकांच्या तोंडी येण्याच्या कितीतरी आधी.

मी फाईल केली. त्वचारोग डॉक्टरांच्या दीड वर्षांच्या चिठ्ठ्या तारखेनुसार लावल्या, औषधांची बिलं लावली, घडीतल्या चिरांचे फोटो लावले, एकदा पू झाल्यावर अँटिबायोटिक घ्यावं लागलं होतं त्याचे कागद लावले, आणि सर्जनबाईंचं प्रमाणपत्र. तक्रार कक्षाला लेखी पत्र पाठवलं. कंपनीने महिनाभरात उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही तर बीमा लोकपालांकडे जाता येतं, पुण्यात त्यांचं कार्यालय आहे आणि फी लागत नाही, हेही पत्रात लिहिलं. माझ्यावर तिथे जायची वेळ आली नाही. पडदा कापण्याचा खर्च त्यांनी मान्य केला, स्नायू शिवण्याचा आणि बेंबीचा नाही. तो आम्ही भरला. कुणाला पुढेमागे हे करायचं असेल तर आजपासून प्रत्येक चिठ्ठी जपून ठेवा. मी मास्तरीण असल्यामुळे कागद ठेवण्याची सवय होती, म्हणून निभावलं.

पण त्या फाईलने मला एक गोष्ट करायला लावली जी मला मनापासून खटकते. पानोपानी मला लिहावं लागलं की हे मी दिसण्यासाठी करत नाही. घरी आईंपुढेही मी घडीतल्या चिराच दाखवल्या. चिरा होत्याच, त्यात खोटं काही नाही. परंतु मला दिसण्यासाठीही करायचं होतं. साडी नेसून आरशासमोर उभं राहिल्यावर बरं वाटावं, दिवा चालू असताना कपडे बदलता यावेत, हे मला खाज थांबण्याइतकंच हवं होतं. बाईने पुरेसा त्रास सिद्ध केला तरच तिला स्वतःच्या अंगाबद्दल काही मागायचा हक्क, हा नियम विम्याच्या कागदावर आहे आणि घरातही आहे. मी तो त्या वेळी पाळला. आता पाळणार नाही.

ऑपरेशन मे 2024 मध्ये झालं. सकाळी खोलीत मला उभं करून सर्जनबाईंनी जांभळ्या पेनने पोटावर रेघा आखल्या. हे उभ्यानेच करावं लागतं, आडवं झालं की कातडी जागा बदलते. त्या गुडघ्यांवर बसून मोजपट्टीने डावं-उजवं सारखं येतंय का पाहत होत्या, मधेच रेघ पुसून पुन्हा आखत होत्या. सिस्टरने ती घडी दोन्ही हातांनी उचलून धरली होती. माझ्या अंगाचा जो भाग मी स्वतः बघत नव्हते, तो दोन बायका इतक्या निवांतपणे, शिंप्याच्या सराईतपणे हाताळत होत्या की मला रडू आलं. सिस्टर म्हणाली, "ताई, दुखतंय का?" काहीच दुखत नव्हतं.

साधारण साडेतीन तास लागले. एका कमरेच्या हाडापासून दुसऱ्यापर्यंत छेद. काढलेली कातडी आणि चरबी मिळून तीन किलो दोनशे ग्रॅम भरली, मी मुद्दाम विचारलं. वजनकाट्यावर तेवढंच, चालण्या-बसण्यात मात्र केवढा फरक. रक्ताची गुठळी पायात होऊन फुप्फुसात जाण्याचा धोका या ऑपरेशनमध्ये खरा असतो, म्हणून पायांना घट्ट मोजे, रक्त पातळ ठेवायचं इंजेक्शन आणि त्याच संध्याकाळी उठून चार पावलं. सरळ उभं राहता येत नाही, पोटाची कातडी ताणून शिवलेली असते. पहिले दहा-बारा दिवस कमरेत वाकूनच चालायचं आणि झोपताना गुडघ्यांखाली उशा. खोकला आला की पोटाला उशी दाबून धरायची. कुणी विचारलं तर मी सरळ सांगते, दुखतं. पहिला आठवडा फार दुखतं. सिझेरियनपेक्षा जास्त, कारण स्नायू वरपासून खालपर्यंत शिवलेले असतात.

घरी दोन ड्रेन घेऊन आले. पोटातून निघणाऱ्या दोन नळ्या आणि टोकाला दाबून ठेवायचे रबरी फुगे, त्यात लालसर पाणी जमतं. ते सकाळ-संध्याकाळ मोजून ओतायचं काम माझ्या धाकटीने घेतलं, तेव्हा ती नववीत जाणार होती. प्रयोगवहीत तिने तक्ता आखला: तारीख, वेळ, डावा, उजवा, रंग. दिवसाला तीस मिलिलिटरच्या खाली आलं की नळी काढायची असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, तर ही रोज मला आलेख दाखवायची. "मम्मी, उजवा उतरतोय, डावा आळशी आहे." माझं अंग तिने तेव्हा जवळून पाहिलं, टाके, सूज, सगळं. तिच्या वयात मी माझ्या आईची पाठसुद्धा नीट पाहिलेली नव्हती. तिला काही वेडंवाकडं वाटलं नाही.

नळ्या काढल्यावर डाव्या बाजूला पुन्हा पाणी साचलं. त्याला सेरोमा म्हणतात. पुण्याला जाऊन सुईने काढून घ्यावं लागलं, एकदा काढून भागलं नाही. मधोमध बोटाच्या पेराएवढी जखम उघडली, तिला भरायला जून महिना संपला. शाळा सुरू झाली तेव्हा मी पोटाला पट्टा बांधून, खुर्चीवर बसून तास घेत होते. घागर, दप्तर, गॅसची टाकी असलं काही दीड महिना उचलायचं नव्हतं. पाणी भरायचं काम त्या काळात नवऱ्याने केलं आणि नंतरही त्यांच्याकडेच राहिलं.

आता सव्वा वर्ष झालं. व्रण आधी लाल, मग काळपट झाला, आपल्या सावळ्या कातडीवर तो बराच काळ गडद राहतो. सिलिकॉनचं जेल रोज लावते, कड हळूहळू फिकी होतेय. बेंबीच्या खालचा तळहाताएवढा भाग अजून बधिर आहे, तिथे हात लावला तर आपला हात आपल्याला लागतोय असं वाटत नाही. हे काहींना कायमचं राहतं, मला आधी सांगितलं होतं. फडके मी जाळून टाकले. एका भाद्रपदात पोटाखाली कोरडं राहिलं, दुसऱ्यातही राहिलं. साडीच्या निऱ्या सपाट खोचता येतात, नाडी कुठे आहे ते लक्षातही राहत नाही.

आरशाचं काम मात्र सावकाश चाललंय. पट्टा सुटल्यावर पहिल्यांदा पोट पाहिलं तेव्हा आनंद झाला, आणि दोन आठवड्यांत डोळे दंडांवर आणि मांड्यांवर जाऊन बसले. सर्जनबाईंनी बजावलंच होतं: "एक जागा नीट झाली की दुसरी जास्त दिसायला लागते. त्या वेळी घाई करू नका, वर्षभर जाऊ द्या." त्यांनी मला एका समुपदेशकांकडेही पाठवलं. तिथे गेल्याचा मला फार उपयोग झाला. जुनं शरीर मनातून निघायला शरीर बदलल्यानंतरही बराच वेळ लागतो, आणि प्रत्येक वेळी त्याचं उत्तर कात्री नसतं, हे तिथे नीट बोलता आलं. मांड्यांचं ऑपरेशन मी करणार नाही, हे तिथूनच ठरलं. जांघेत जखम लवकर भरत नाही, मला त्यांचा त्रासही नाही, आणि त्या माझ्या मनात दिवसभर नसतात.

दंड असतात. मी फळ्यावर लिहिते. हात वर केला की बाहीतून ती कातडी हलते. गेल्या वर्षी आठवीतला एक मुलगा माझ्या पाठीमागे स्वतःचा दंड धरून हलवून दाखवत होता, वर्ग हसत होता, मी वळल्यावर शांत झाला. त्याला मी काही बोलले नाही, लहान आहे. तो मुलगा नसता तरीही मला हे करायचंच आहे. दंडांना चिरा नाहीत, खाज नाही, पू नाही. कुठलाही डॉक्टर यावर आवश्यक म्हणून शिक्का मारणार नाही, विम्याला विचारायचाही प्रश्न नाही, आणि कॉस्मेटिक म्हणून बिलावर 18 टक्के जीएसटी लागेल. काखेपासून कोपरापर्यंत आतल्या बाजूने लांब व्रण येईल, तो झाकता येणार नाही. लोंबती कातडी देऊन व्रण घ्यायचा, असा हा सरळ व्यवहार आहे आणि मला तो मान्य आहे. मला कोपरापर्यंतच्या बाह्या सोडून साधा आखूड बाह्यांचा ब्लाउज शिवायचा आहे.

या वेळी घरी मी कुठलीही घडी उचलून दाखवली नाही. जेवताना म्हटलं, "मला दंडांचं करून घ्यायचंय. मला आवडेल म्हणून." नवरा थोडा वेळ गप्प बसला आणि मग भूल किती तासांची ते विचारलं. आई म्हणाल्या, "दिवाळीचा फराळ मग आधीच उरकू."

दिवाळीच्या सुट्टीतली तारीख मिळाली आहे. हिमोग्लोबिन 12 आहे. दोन-तीन आठवडे हात खांद्याच्या वर न्यायचे नाहीत, वेणी धाकटी घालणार आहे. आणि फळ्यावर लिहायला सुट्टीनंतरही काही दिवस जमणार नाही, म्हणून भूमितीचे दोन धडे प्रोजेक्टरवर घ्यायचं मुख्याध्यापकांशी बोलून ठेवलंय. आकृत्या काढायला बसले आहे सध्या.